वय २२, गाडी बाबांच्या नावावर, चालवतो मी. इन्शुरन्स रिन्यूअलला पैसे कसे वाचवू?

तुम्ही विचारलंय की कमी वयाच्या पोराला प्रीमियम जास्त लावतात का, आणि गाडी आत्ताच स्वतःच्या नावावर करून घेतली तर पुढे स्वस्त पडेल का.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो, वयावर नाही. २०२२ च्या दरपत्रकात कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यावर १५०० पर्यंत ३,४१६. कंपनी कोणतीही असो. तिथे घासाघीस करून काही मिळत नाही. वाचतं ते ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि त्यातही नो क्लेम बोनसमध्ये (एनसीबी), म्हणजे वर्षभर क्लेम घेतला नाही तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीत. त्यावर मी बोलणारच, कारण माझा ४५ टक्क्यांचा बोनस आमच्या जावयांनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, घालवला.

आमचा संत्र्याचा पट्टा. मोर्शीहून वरुडकडे येत होतो, रात्रीचे साडेनऊ, भाऊजी शेजारी. बगीच्यातून रोही (नीलगाय) आडवा आला. ब्रेक मारला तरी बंपर फुटला, एक हेडलाइट गेला. रोही उठून निघूनही गेला. मी तेव्हा चोवीसचा, हातपाय लटपटत होते. घरी आल्यावर बाबा काही बोलायच्या आत भाऊजीच म्हणाले, "कलेम टाक. पैसे काय पूजेले भरले काय?"

मी म्हटलं, खर्च पाच-सहा हजारांचा आहे, एनसीबी जाईल. "एनसीबी काय असते बे? कंपनीवाल्याइचं भुलवणं आहे ते." भाऊजी नरखेडचे, घरी ट्रॅक्टर, दोन ट्रक. म्हणजे गाड्यांतलं त्यांनाच कळतं, हे घरात ठरलेलं. आणि आमच्याकडे जावयासमोर बापाचा आवाज निघत नाही, तिथे मी कोण! टाकला क्लेम.

बिल झालं ५,८००. त्यातले ४,४०० पार्ट्सचे, सगळं प्लास्टिक, त्यावर निम्मा घसारा कापला, राहिले २,२००. मजुरीचे १,४०० पूर्ण मिळाले. मग दर क्लेमला आपल्याच खिशातून जाणारे सक्तीचे हजार वजा. हातात आले २,६००, आणि त्यासाठी तालुक्याला तीन चकरा, एक दिवस सर्व्हेअरची वाट बघण्यात.

आता गेलं काय ते बघा. बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा वर्षागणिक चढतो. क्लेम घेतला की एका झटक्यात शून्य. माझा त्या वर्षी ५० झाला असता. हिशेबाला सोपं म्हणून ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम पाच हजार धरा. पहिल्या वर्षी २,५०० जादा भरले, मग १,५००, मग १,२५०, ७५०, २५०. बेरीज सव्वासहा हजार, वर १८ टक्के जीएसटी. गाडी जुनी होत गेली तसा मूळ आकडा थोडा उतरला हे खरं, पण तोटा २,६०० वर काही आला नाही. हा कागद मी दिवाळीत भाऊजींपुढे ठेवला. त्यांनी त्यावर फराळाची वाटी ठेवली.

पुढच्या वर्षी त्यांच्याच ओळखीच्या एजंटनं "प्रीमियम कमी करून देतो" म्हणून आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली ओढला. त्यात काही शे रुपये वाचले, पण गाडी चोरीला गेली असती तर पन्नास हजार कमी मिळाले असते. असल्या बचतीच्या नादी लागू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नका करू नावावर. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. नाव बदललं की बाबांचा बोनस बाबांकडेच राहतो आणि तुम्ही शून्यापासून सुरू. (वडील वारल्यावर गाडी वारसाकडे आली तर बोनस मिळतो, ती गोष्ट वेगळी.) बाबांच्या नावावर मोटरसायकलही असेल तर १५ लाखांचं मालक-चालक अपघात कव्हर दोन्हीकडे भरू नका, एक पुरतं. मात्र ते कव्हर मालकाचं. चालवणारे तुम्ही, तर तुमचं वेगळं बघा, तिथे कंजूषपणा नको.

आणि तारीख. आमच्याकडे रिन्यूअल नेमकं पेरणीत येतं, हातात दमडी नसते, लोक म्हणतात नव्वद दिवस आहेत. ते नव्वद दिवस फक्त बोनस टिकवायला आहेत. मुदत संपली की गाडी उघडीच. पोलिसांनी धरलं तर पहिल्यांदा २,००० दंड, आणि रोही काही तारीख बघून येत नाही. नुसतं थर्ड पार्टी घेतलं तर त्या रात्रीसारख्या धडकेत एक रुपया मिळत नाही. गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर मात्र मीही तेवढंच घेईन.

क्लेम कधीच घेऊ नका असं म्हणत नाहीये. चाळीस हजारांचं काम निघालं तर खुशाल घ्या, जावयांना न विचारता. आमच्या भाऊजींनी मागच्या वर्षी स्वतःच्या गाडीचा आरसा रोख देऊन बदलला. ते नाही बोलले, ताईनं सांगितलं.