पदवीवर ‘स्टेम सेल’ लिहिलेलं असायलाच हवं का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, बायो आणि गणित दोन्ही घेतलंय. मागच्या वर्षी माझ्या बहिणीच्या बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला होता. तेव्हापासून हिने स्टेम सेलचा (त्या रक्तातल्या, इतर पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींचा) ध्यास घेतलाय. एका खासगी कॉलेजात त्याच नावाचा पदवी कोर्स आहे, फी वर्षाला दोन लाखांच्या वर. हा घ्यावा की नीट द्यावी? – एक आई, जळगाव

ताई, ते दोन लाख आधी थांबवा. पुढे एम.एस्सी.ला किंवा पीएच.डी.ला घेताना समोरचे पदवीचं नाव बघत बसत नाहीत. पेशी, जनुकं आणि बायोकेमिस्ट्री पक्की आहे का, हे विचारतात. पाया साधा बी.एस्सी.चाही चालतो.

खरा प्रश्न वेगळा आहे. हिला पेशंट हवेत की पेशी?

शिन्या यामानाका हे आज या विषयातलं सगळ्यात मोठं नाव. सुरुवात केली हाडांचा सर्जन होण्यापासून. ऑपरेशनला इतका वेळ लागायचा की वरिष्ठ त्यांना ‘जामानाका’ म्हणायचे; जपानीत ‘जामा’ म्हणजे अडथळा. गृहस्थ प्रयोगशाळेकडे वळले. 2006 मध्ये त्यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूळ पेशींसारखं केलं आणि 2012 मध्ये जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तेव्हा वाट मध्येच बदलता येते, पण आधी कल ओळखलेला बरा.

पेशंटच्या बाजूला आज सगळ्यात भक्कम काम आहे ते बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं, म्हणजे हाडांतल्या मज्जेच्या रोपणाचं : रक्ताचा कॅन्सर, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया असे रक्ताचे आजार. नावामुळे लोकांना मोठं ऑपरेशन वाटतं. प्रत्यक्षात दात्याच्या स्टेम सेलची पिशवी रक्तासारखीच सलाइनच्या नळीतून चढवतात. अवघड असतं ते पुढचं : पेशंट वेगळ्या खोलीत, रोज रक्ताची तपासणी आणि पांढऱ्या पेशी वर यायची दोन-तीन आठवडे वाट बघणं. त्या दिवसांत साधा तापही घाबरवतो. हे करायचं तर एमबीबीएस, मग मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्समध्ये एमडी आणि त्यावर हिमॅटॉलॉजीचं (रक्तविकारांचं) डीएम. बारावीनंतरची अकरा-साडेअकरा वर्षं धरा, तीही प्रत्येक परीक्षेत पहिल्या फटक्यात जमलं तर.

पेशींच्या बाजूला वेगळीच शिस्त. 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये डिशमधल्या पेशींना खाद्य म्हणून गुलाबी द्रव घातलेला असतो. तो वेळेवर बदलावा लागतो, मग दिवाळी असो की रविवार. एखाद्या सकाळी द्रव पिवळा आणि गढूळ दिसला तर समजायचं, बॅक्टेरिया शिरले. महिनाभराची मेहनत ओतून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. काहींचा चेहरा उतरतो. काही विचारतात, ‘पिवळाच का होतो?’ दुसऱ्या प्रकारचं मूल लॅबमध्ये टिकतं. (पेशी किंवा बॅक्टेरिया आम्ल सोडतात आणि द्रवातला रंग आम्लात पिवळा होतो. लेकीला आधी विचारून बघा.)

या वाटेसाठी आयसर ही केंद्राची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था चांगली, पुण्यातच आहे. त्यांच्या प्रवेश परीक्षेत जीव, रसायन, भौतिक आणि गणित चारही विषय येतात, म्हणजे हिचे विषय अगदी जुळतात. तिथे पाच वर्षांचं बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र. नाहीतर जळगावातच बी.एस्सी. करून जीएटी-बी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून बायोटेकच्या एम.एस्सी.ला जाता येतं. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पुण्याचं पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र एनसीसीएस, परळची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था, खारघरचं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अॅक्ट्रेक ही आपल्या जवळची ठिकाणं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या कार-टी उपचाराला (पेशंटच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) 2023 मध्ये देशात मंजुरी मिळाली. ते स्टेम सेल नव्हेत, रोगप्रतिकारक पेशी आहेत; पण जिवंत पेशी औषध म्हणून तयार करायचं तंत्र याच घराण्यातलं, आणि हात बसलेल्या माणसांची गरज तिथेही आहे.

आता त्या घरी आलेल्या माणसाबद्दल. बाळाला थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार असेल, तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. त्या त्यालाच परत देऊन काय उपयोग? आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषदही खासगी साठवणुकीची सरसकट शिफारस करत नाही. तसंच ऑटिझमपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं विकणारे दवाखाने आहेत. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मान्यताप्राप्त आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर असले प्रयोग फक्त मंजूर चाचणीतच करायचे असतात. उद्या हिला अशा ठिकाणी नोकरी चालून आली, तर पगाराचा आकडा बघायच्या आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागायचा.

नीट आणि आयसर, दोन्ही फॉर्म भरा. अभ्यास बराचसा एकच आहे. क्लासवाले ‘नीट द्यायची तर गणित सोड’ म्हणतील. सोडू देऊ नका.