तोडा शालीची सुलट बाजू कोणती?

प्रश्न : उटीहून लाल-काळ्या भरतकामाची पांढरी शाल आणली. एका बाजूचं काम सपाट, नेटकं. दुसरीकडे धागे वर आलेले, हाताला खरखरीत. विकणाऱ्या बाईंनी खरखरीत बाजू वर ठेवून घडी घातली. पांघरायची कशी? मला कर्नाटकी कशिदा येतो. हे काम घरी जमेल का?

उत्तर : घडी बरोबरच होती. निलगिरीतल्या तोडा या आदिवासी जमातीच्या बायका कापडाच्या उलट्या बाजूने टाके घालतात आणि धागा किंचित सैल सोडतात. तो पलीकडे उठून येतो, आणि तीच त्यांची सुलट बाजू. या भरतकामाला 'पुखूर' म्हणतात, अंगावर घ्यायच्या शालीला 'पुतकुळी'. ती बायका-पुरुष दोघंही सणासमारंभाला पांघरतात, आणि माणूस गेलं की त्याला भरलेल्या पुतकुळीतच गुंडाळतात. म्हणून जुनी पुतकुळी मिळाली तर कापून उशांचे अभ्रे करू नका. पिशव्या, टेबलक्लॉथ त्या बायका स्वतःच विकायला करतात, ते खुशाल वापरा.

कशिदा येतो म्हणजे धागे मोजायची सवय आहे, निम्मं काम तिथेच झालं. फरक एवढाच, की कशिद्यातली गावंती (जाता-येता घातलेला दुहेरी धावदोरा) दोन्हीकडून सारखी दिसते, पुखूर तशी दिसत नाही. टाका रफूचाच. छापा नाही, रिंग नाही. कापड बोटांवर ताणून आडवे-उभे धागे मोजायचे. तोडा बायका कापड विणत नाहीत, जाडसर सुती कापड विकत आणतात. तुम्ही मॅटी, म्हणजे धागे सहज मोजता येतील असं भरतकामाचं सुती कापड, घ्या. पॉपलिनचे धागे मोजताच येत नाहीत. बोथट टोकाची सुई, लोकर किंवा सहापदरी दोरा चालेल.

सरावाला पहिल्या ओळीत तीन धागे वर, तीन खाली घ्या. पुढच्या प्रत्येक ओळीत एक धागा त्याच दिशेला सरका. तिरकी रेघ उमटेल. मोजणी एका धाग्याने चुकली की रेघ तिथेच मोडते आणि पुढच्या ओळी ती चूक ओढत नेतात. तेव्हा चुकलेल्या ओळीपर्यंत उसवाच. दोरा घट्ट ओढला तर कापड चुरगळतं, उठाव येत नाही.

एक मात्र पाळा : या भरतकामाला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घरी भरलेलं 'तोडा' नावाने विकू नका.

धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल धागा दाबून पाहा. रंग लागला तर शाल भिजत घालू नका.