सिंगापूरच्या ट्रान्सफॉर्मर्स राइडसाठी दीड तास रांगेत उभे राहावे का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: मे महिन्यात सिंगापूरला जाणार आहात, युनिव्हर्सल स्टुडिओजसाठी एकच दिवस हाती आहे, बरोबर आठ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि पासष्टीच्या सासूबाई आहेत. ट्रान्सफॉर्मर्सचे, म्हणजे गाड्यांची रूपे घेणाऱ्या यंत्रमानवांचे, चित्रपट मुलाखेरीज घरात कोणी पाहिलेले नाहीत, आणि त्या राइडला दीड तास रांग लागते असे ऐकल्यामुळे तेवढा वेळ द्यावा की नाही, हे ठरत नाही. माझे उत्तर असे, की या राइडसाठी पाऊण तास जरूर द्यावा, पण दीड तास देऊ नये. दीड तासाची वेळच येऊ नये यासाठी काय करायचे, तेही पुढे सांगतो.

मी सिंगापूरमध्ये अकरा वर्षे राहतो आणि दर उन्हाळ्यात पुण्याहून, साताऱ्याहून येणाऱ्या नातेवाइकांना घेऊन सेंटोसा बेटावरच्या या पार्कमध्ये जातो. त्यामुळे ही राइड वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या प्रकृतीच्या माणसांबरोबर अनेकदा झाली आहे. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही ती प्रत्येकासाठी आहे असे मी म्हणणार नाही.

चित्रपटावर बेतलेल्या राइडची पारख करताना मी एकच गोष्ट पाहतो: चित्रपट राइडच्या आत काही काम करतो आहे, की बाहेरून नुसता रंगवला आहे? पुष्कळ ठिकाणी साधाच झोका किंवा साधाच गोल फिरणारा पाळणा असतो आणि त्यावर लोकप्रिय पात्रांची चित्रे लावलेली असतात. ज्याला ती पात्रे आवडतात त्याला तेथे आनंद होतो, बाकीच्यांसाठी तो पाळणाच राहतो, आणि त्यासाठी रांगेत तिष्ठण्यात काही अर्थ नसतो. ट्रान्सफॉर्मर्सचे तसे नाही. तिची कथा आणि तिची यंत्रणा एकमेकींपासून वेगळी काढताच येत नाही, आणि म्हणूनच चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही ती पुरेपूर आनंद देते. ही राइड जगात सर्वप्रथम सिंगापूरमध्येच सुरू झाली, डिसेंबर २०११ मध्ये. अमेरिकेतल्या युनिव्हर्सलच्या हॉलिवूड पार्कमध्ये ती २०१२ साली आणि ओरलँडोमध्ये २०१३ साली आली.

यंत्रणा थोडी समजावून सांगतो, कारण सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. बारा माणसांची एक गाडी असते, चार-चार जणांच्या तीन ओळी. ही गाडी रुळावरून खरोखरच पुढे जाते, वळते, मागे सरकते. शिवाय गाडीचा वरचा भाग चाकांच्या सांगाड्यावर स्वतंत्रपणे हलतो, म्हणजे पुढे झुकतो, मागे रेलतो, बाजूला कलतो, थरथरतो. वाटेत प्रचंड पडदे आहेत, आणि डोळ्यांवर त्रिमितीचा चष्मा असतो. आता अडचण अशी असते, की पडद्यासमोरून पाहणारा स्वतःच सरकत असेल तर चित्र बिघडते. चित्रपटगृहात पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसले की पडद्यावरची माणसे जशी तिरकी आणि चपटी दिसतात, तसे होते. येथे गाडी ज्या क्षणी जेथे असेल तेथून ते दृश्य जसे दिसायला हवे तसेच ते पडद्यावर क्षणोक्षणी बदलत ठेवलेले असते. त्यामुळे पडदा कोठे संपतो आणि बांधलेला देखावा कोठे सुरू होतो हे कळेनासे होते, आणि एखादा यंत्रमानव खरोखरच गाडीला धरून फेकतो आहे असे वाटते. ही युक्ती ओरलँडोच्या पार्कमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या स्पायडर-मॅन राइडपासून चालत आलेली आहे. पडद्यावरची चित्रे चित्रपटांची दृश्ये घडवणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेनेच तयार केली आहेत, त्यामुळे बारकाव्यांत कोठेही कसर राहिलेली नाही.

कथेसाठी एवढेच ठाऊक असले तरी चालते, की ऑलस्पार्क नावाच्या शक्तिशाली वस्तूचा एक तुकडा दुष्ट यंत्रमानवांच्या हाती पडू द्यायचा नाही, आणि तुम्ही बसलेली गाडी म्हणजेच इव्हॅक नावाचा एक चांगला यंत्रमानव तो तुकडा घेऊन पळतो आहे. रांगेत उभे असतानाच पडद्यांवरून हे सगळे सांगितले जाते. पुढची चार-साडेचार मिनिटे नुसता पाठलाग असतो. मध्येच आगीचा झोत येतो तेव्हा गालाला खरी ऊब लागते, आणि शेवटी उंच इमारतीवरून कोसळल्याचा भास होतो, तेव्हा पोटात अगदी खरा गोळा येतो. साताऱ्याचा माझा भाचा नऊ वर्षांचा असताना उतरल्याबरोबर दोन्ही भुवयांवरून बोटे फिरवून मला विचारू लागला, “मामा, बघ ना, माझ्या भुवया जळल्या का?” मी चष्मा काढून, वाकून, नीट पाहून “नाही रे, शाबूत आहेत” असे सांगितले, तेव्हा कोठे तो पुढे चालायला लागला. त्याने चित्रपट पाहिलेला नव्हता.

आता दुसरी बाजू. तुमच्या घरात कोणाला गाडी लागते का? हा प्रश्न मी सगळ्यांना आधी विचारतो आणि त्याचे उत्तर ‘हो’ असेल तर आग्रह करत नाही. आंबेनळी किंवा वरंधा घाटात गाडी का लागते? कारण डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच सांगते, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. या राइडमध्ये तो गोंधळ मुद्दाम घडवलेला असतो. डोळ्यांना शंभर फूट कोसळल्याचे दिसते आणि शरीर प्रत्यक्षात थोडेसेच हललेले असते. मौज त्याच फरकातून येते आणि मळमळही त्यातूनच येते. माझी मोठी बहीण दुसऱ्या एका देशात अशाच पडद्याच्या राइडवर भरपेट जेवून बसली आणि पुढचे दोन तास तिने सावलीतल्या बाकावर डोळे मिटून काढले. सगळ्यांचाच दिवस त्यात गेला. तेव्हापासून मी या राइड सकाळी, हलक्या न्याहारीवर उरकतो आणि पर्समध्ये आवळासुपारी ठेवायला सांगतो. बसल्यावर त्रास सुरू झालाच तर चष्मा काढून पडद्याकडे पाहत राहू नका, कारण त्याने चित्र दुहेरी दिसते आणि त्रास वाढतो. सरळ डोळे मिटा किंवा समोरच्या आसनाच्या पाठीवर नजर ठेवा. मुलाची सहनशक्ती निघण्यापूर्वीच अजमावायची असेल तर खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइड आहे. पडद्यावरच्या दृश्याबरोबर आसन हलते हे तत्त्व तेथेही तेच आहे. तेथे तो हसत उतरला तर सिंगापूरची काळजी बरीच कमी होईल.

सासूबाईंनी बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मान, पाठ, रक्तदाब किंवा हृदय यांपैकी कशाचीही तक्रार असेल तर पार्कच्या सूचनाच मनाई करतात. तसे काही नसले तरी चार मिनिटांच्या हिसक्यांनंतर पासष्टीच्या माणसाची मान दोन दिवस धरते. छोटीसाठी उंचीची अट १०२ सेंटीमीटर आहे, आणि चार वर्षांचे मूल नेमके त्या काठावर असते. ती अटीत बसली तरी तिला नेऊ नका. अंधार आणि कानठळ्या बसवणारा आवाज या दोन गोष्टींनी त्या वयाची मुले घाबरतात, आणि एकदा घाबरलेले मूल दिवसभर दुसऱ्या कोणत्याही दारातून आत जायला तयार होत नाही. तुम्ही दोघांनी आळीपाळीने बसायचे ठरवले तर रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला मूल सांभाळत पालकांची अदलाबदल करण्याच्या सोयीबद्दल आधीच विचारा, म्हणजे दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून रांग लावावी लागणार नाही. अर्थात सासूबाई छोटीला घेऊन थांबणार असतील तर तुम्ही तिघे एकत्रच जा. मुलाच्या दोन्ही बाजूंना आई-वडील असण्यात जी मजा आहे ती अदलाबदलीत नाही.

वेळेचे गणित असे मांडा. मे महिन्यात इथल्या शाळांची मोठी सुट्टी सुरू झालेली नसते. ती जूनमध्ये असते. म्हणून मे महिन्याच्या मधल्या आठवड्यांतला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा आणि १ मे तसेच बुद्धपौर्णिमेची सुट्टी टाळा. येथे तिला वेसाक दिन म्हणतात आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. दार उघडण्यापूर्वी अर्धा तास पोहोचा. आत शिरल्यावर बहुतेक लोक हॉलिवूड विभागातच फोटो काढत रेंगाळतात. तुम्ही तसे न करता उजवीकडून न्यूयॉर्क विभाग ओलांडून ही राइड जेथे आहे तो साय-फाय सिटी विभाग थेट गाठा. पहिल्या अर्ध्या तासात ही रांग मी पंधरा-वीस मिनिटांतही पार केली आहे. सकाळ हुकली तर पार्कच्या अॅपवर प्रतीक्षेचा वेळ दिसत राहतो. तो पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त असेल तर पुढे चला आणि संध्याकाळी, पार्क बंद होण्याच्या सुमारास परत या. एकट्या माणसांसाठी वेगळी, जलद रांग पुष्कळदा चालू असते, पण तीत घरच्यांना शेजारी बसवत नाहीत, आणि १२२ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाबरोबर मोठे माणूस असावेच लागते. त्यामुळे ती तुमच्या मुलासाठी कदाचित उपयोगाची नाही, तुमच्यापैकी कोणाला दुसऱ्यांदा बसायचे असेल तर मात्र आहे.

एक्सप्रेस पास घ्यावा का, असे तुम्ही विचारले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. त्याची किंमत दिवसाप्रमाणे बदलते आणि साध्या पासावर प्रत्येक राइडला एकदाच जलद रांगेतून जाता येते. पाच जणांसाठी घेण्यात पैसे वाया जातील, कारण छोटी आणि सासूबाई मोठ्या राइडवर बसणारच नाहीत. शनिवार-रविवारच मिळत असेल तर तिघांपुरता घ्या; मधल्या वारी सकाळी लवकर जाणार असाल तर मी घेणार नाही.

दीड तास का नको, याचे कारण एवढेच की तेवढ्या वेळात त्याच पार्कमध्ये दुसऱ्या दोन चांगल्या गोष्टी होतात. जुरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७ सेंटीमीटरची अट आहे, म्हणजे मुलगा बसू शकेल. तीत माणूस नखशिखान्त भिजतो, तेव्हा घरचे रेनकोट बरोबर न्या. वॉटरवर्ल्डचा खेळ १९९५ च्या चित्रपटावर बेतलेला आहे. पाण्यावरच्या मारामाऱ्या आणि स्फोट प्रत्यक्ष माणसे करून दाखवतात, आणि पाहणाऱ्यांनी आसनांवर बसून राहायचे असते. सासूबाईंनाही तो आवडेल असे मला वाटते. फक्त पुढच्या, पाणी उडणाऱ्या ओळी सोडून मागे बसा. त्याची वेळ सकाळीच पाहून ठेवा. छोटीसाठी २०२५ साली सुरू झालेला मिनियन लँड विभाग आहे, तेथे ती आणि आजी बराच वेळ रमतील.

निव्वळ राइड म्हणून मला स्वतःला याच पार्कमधली ममीची राइड ट्रान्सफॉर्मर्सपेक्षाही सरस वाटते. ती अंधारातली खरी रोलर कोस्टर आहे, मध्येच गाडी उलटी मागे धावू लागते, आणि तीत पडद्याचा खेळ नसल्यामुळे गाडी लागणाऱ्यांपैकी काहींना ती उलट सोसते. तिची अट मात्र १२२ सेंटीमीटर आहे, आणि आठ वर्षांची मुले नेमकी त्याच्या आगेमागे असतात. म्हणून निघण्यापूर्वी घरी मुलाला भिंतीला टेकवून, बूट काढून, त्याची उंची नीट मोजा. ती एक-दोन सेंटीमीटरने कमी भरत असेल तर ममीचे नाव त्याच्यापुढे काढू नका. त्याला ट्रान्सफॉर्मर्सचेच सांगा आणि बसवताना कर्मचाऱ्याला पहिली ओळ मागा. त्यासाठी एखादी गाडी सोडावी लागली तरी थांबा, कारण पहिल्या ओळीत समोर कोणाचे डोके नसते आणि पडदा कडेपासून कडेपर्यंत दिसतो.