आठवा महिना लागला ना? मग हे वाच

अगं, आता झोपेचं खोबरं होणार हे धरूनच चल. रात्रीतून चारदा लघवीला उठायचं, आडवं पडलं की छातीत जळजळ, आणि कूस बदलायची म्हणजे आधी उशी सरकवायची, मग पोट, मग आपण! उताणी नको, कुशीवरच झोप. मी गुडघ्यांमध्ये उशी घ्यायचे, कंबरेला तेवढाच आराम.

पोट मधूनच दगडासारखं कडक होईल. पहिल्या खेपेला मी घाबरून बॅग घेऊन दारात उभी! थोडं चालल्यावर, पाणी प्यायल्यावर थांबलं, तर त्या खोट्या कळा. खऱ्या थांबत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. घड्याळ लावून मोज.

दिलेल्या तारखेवर फार विसंबू नकोस, ३७ आठवडे झाले की बॅग तयार ठेव.

एका बाबतीत मात्र भीड नको. बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं ठणकून अंधुक दिसायला लागलं, चेहरा-हात एकाएकी सुजले, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. "शेवटी शेवटी बाळ कमीच हलतं" असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नकोस.