ग्रंथव्यवहार : वाचकांचे प्रश्न
प्रणयकादंबरी आणि पुस्तक व्यवसायाची नियतकालिके

प्रश्न : आमच्या वाचनालयातील इंग्रजी विभाग लहान आहे, परंतु त्यात प्रणयकादंबऱ्यांना सर्वाधिक मागणी असते. खरेदीपूर्वी मी अमेरिकेच्या 'पब्लिशर्स वीकली'तील परीक्षणे वाचते. ती जेमतेम दोनशे शब्दांची, बिननावाची आणि निम्म्याहून अधिक कथानक सांगण्यात खर्ची पडलेली असतात. त्यांच्यावर कितपत विसंबावे? — एक ग्रंथपाल, नाशिक

उत्तर : ही परीक्षणे मुळात वाचकासाठी लिहिलेली नसतात, हे ध्यानात घेतले की त्यांच्याविषयीची निम्मी तक्रार मिटते. 'पब्लिशर्स वीकली' १८७२ साली निघाले, 'लायब्ररी जर्नल' १८७६ मध्ये, अमेरिकन ग्रंथालय संघटनेचे 'बुकलिस्ट' १९०५ मध्ये, आणि व्हर्जिनिया कर्कस या बाईंनी १९३३ साली पुस्तकांची कच्ची मुद्रिते आधीच वाचून विक्रेत्यांना आपला अभिप्राय कळवण्याचा जो उद्योग आरंभला, त्यातून 'कर्कस' उभे राहिले. पुस्तक बाजारात येण्याच्या काही महिने आधी, त्याच्या किती प्रती मागवाव्यात हे दुकानदाराला आणि ग्रंथपालाला ठरवता यावे, एवढाच या चौघांतील परीक्षणांचा हेतू. आपल्याकडे पुस्तक निघाल्यावर सवडीने रविवारच्या पुरवणीत येणारे परीक्षण आणि हे परीक्षण यांचा व्यवसायच वेगळा आहे. मागणी नोंदवणाऱ्याला पुस्तकात काय आहे ते आधी कळायला हवे असते, म्हणून कथानकाला एवढी जागा मिळते.

बिननावी मजकुराबद्दल मात्र आपली शंका रास्त आहे. 'पब्लिशर्स वीकली' आणि 'कर्कस' यांची परीक्षणे निनावी असतात, तर 'लायब्ररी जर्नल' आणि 'बुकलिस्ट' यांत लिहिणाऱ्याचे नाव असते आणि 'लायब्ररी जर्नल'साठी लिहिणारे बहुतांशी आपल्यासारखे ग्रंथपालच असतात. निवड करायची झाल्यास मी प्रथम या दोघांकडे वळेन.

परीक्षण वाचताना नजर मजकुराच्या आधी शीर्षओळीवर जाऊ द्यावी. तेथे प्रकाशक, किंमत, कंसातील पृष्ठसंख्या आणि बांधणीचा प्रकार दिलेला असतो. तीच कादंबरी 'मास मार्केट' म्हणजे खिशात मावणाऱ्या स्वस्त आवृत्तीत निघते आहे की मोठ्या आकाराच्या पेपरबॅकमध्ये, यावर ती आपल्या कपाटात किती वर्षे टिकेल हे अवलंबून असते. त्यानंतर परीक्षकाला हा प्रकार कळतो की नाही, हे पाहावे. जाणकार परीक्षक पहिल्या दोन वाक्यांतच सांगतो की पुस्तक मालिकेतले कितवे आहे, आधीचे न वाचता चालेल का, नायक-नायिकेची जुळणी कोणत्या परिचित साच्यातली आहे (वैरातून प्रेम, लटका विवाह, तुटलेल्या नात्याची दुसरी संधी) आणि शृंगार किती उघड आहे. वाचनालयाच्या दृष्टीने हा शेवटचा तपशील सर्वांत उपयोगी, कारण पुस्तक परत करताना नाक मुरडणारे सभासद त्याच कारणाने मुरडतात.

उलट 'शेवट अपेक्षितच आहे' असा दोष काढणारे परीक्षण खुशाल बाजूला ठेवावे. अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने या प्रकाराच्या व्याख्येत दोनच गोष्टी आवश्यक मानल्या होत्या : प्रेमकथा केंद्रस्थानी असणे आणि शेवट समाधान देणारा, आशादायक असणे. तुकोबांच्या अभंगाच्या अखेरीस 'तुका म्हणे' येते, अशी कोणी तक्रार करत नाही; त्याआधी काय म्हटले आहे, ते आपण पाहतो. दोघे एकत्र येणार हे ठरलेलेच असते. ती दोघे एकमेकांना का लायक ठरतात आणि मधला अडथळा खरा वाटतो की नुसता गैरसमज ताणून धरलेला आहे, याची परीक्षा परीक्षकाने करायची असते.

प्रश्न : एवढा खप असलेल्या या साहित्यप्रकाराकडे तिकडच्या नियतकालिकांनी वर्षानुवर्षे पाठ फिरवली, असे म्हणतात. हा निव्वळ उच्चभ्रूपणा होता की आणखी काही? — एक वाचक, नागपूर

उत्तर : उच्चभ्रूपणा होताच, आणि स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकांविषयीची तुच्छताही त्यात होती. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण रहस्यकथा आणि विज्ञानकथा यांनाही कमी लेखले जाई, तरीही त्यांना सदरे लवकर मिळाली. माझ्या मते मोठे कारण वितरणात आहे.

१९७२ साली एव्हन या प्रकाशनाने कॅथलीन वुडिविस यांची पहिली कादंबरी थेट स्वस्त पेपरबॅकमध्ये काढली आणि तेथून अमेरिकेतील आधुनिक प्रणयकादंबरीची लाट सुरू झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या काळी परीक्षणाचा मान पक्क्या बांधणीच्या पुस्तकाला असे, कारण ग्रंथालये तेच विकत घेत. स्वस्त पेपरबॅक मात्र मासिकांच्या घाऊक वितरकांमार्फत किराणा भांडारे, औषधांची दुकाने आणि बसस्थानके येथे जाई. न खपलेल्या प्रतीचे मुखपृष्ठ फाडून तेवढेच परत पाठवायचे आणि उरलेले पुस्तक रद्दीत टाकायचे, हा त्या व्यवहाराचा रिवाज होता. हार्लेक्विन या प्रणयकादंबऱ्यांच्या कॅनेडियन प्रकाशकाच्या मालिकांतील पुस्तके तर महिना सरला की नव्या महिन्याच्या पुस्तकांसाठी जागा मोकळी करत. ज्या मालाची मागणी वितरक गठ्ठ्याने नोंदवतो आणि जो महिन्याभरात फळीवरून उतरतो, त्याच्या एकेका पुस्तकाविषयी दुकानदाराला सल्ला देण्यात व्यवसायाच्या नियतकालिकाला काय रस असणार? म्हणूनच या नियतकालिकांत प्रणयकादंबरी प्रथम आली ती बातमी म्हणून. हार्लेक्विनने १९७१ साली मिल्स अँड बून ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली, पुढे २०१४ साली हार्पर कॉलिन्सने हार्लेक्विनलाच ४५.५ कोटी कॅनेडियन डॉलरना घेतले. अशा घडामोडी ठळकपणे छापून येत. पुस्तकात काय आहे, याची चौकशी मागाहून सुरू झाली.

ही पोकळी भरली ती वाचकवर्गातूनच निघालेल्या नियतकालिकांनी. कॅथरिन फॉक यांनी १९८१ साली सुरू केलेले 'रोमँटिक टाइम्स' त्यांत प्रमुख. त्यात पुस्तकांना ताऱ्यांची श्रेणी दिली जाई, आणि हार्लेक्विनच्या महिनेवारी मालिकांनाही तेथे पुस्तकागणिक परीक्षण मिळे. प्रणयकादंबऱ्यांच्या प्रकाशकांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या या मासिकाचा सूर सौम्य असे, हा आक्षेप मला पटतो. परंतु दुसरीकडे कोणी दखलच घेत नसताना ते उभे राहिले, हेही नोंदवले पाहिजे. 'लायब्ररी जर्नल'मध्ये क्रिस्टिन रॅम्सडेल या ग्रंथपाल बाईंचे प्रणयकादंबरीचे सदर १९९४ साली सुरू झाले. 'रोमँटिक टाइम्स' २०१८ मध्ये बंद पडले.

दुर्लक्षाची किंमत किती असू शकते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. २००८ च्या जानेवारीत सारा वेंडेल आणि कँडी टॅन या दोन वाचक-समीक्षकांनी आपल्या संकेतस्थळावर एका लोकप्रिय लेखिकेच्या कादंबऱ्यांतील उतारे जुन्या ग्रंथांतील उताऱ्यांशेजारी मांडून दाखवले. त्यांत काळ्या पायांच्या फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावरील मासिक लेखातील वाक्ये होती आणि ती चक्क प्रेमी युगुलाच्या तोंडी घातलेली होती! त्या लेखिकेची तोवर शंभराच्या आसपास पुस्तके निघालेली होती. प्रेमालाप मध्येच प्राणिशास्त्राच्या पाठासारखा का वाटू लागतो, असा प्रश्न बारकाईने वाचणाऱ्या कोणाही परीक्षकाला पडला असता. परंतु तशा वाचनाची अपेक्षाच कोणी ठेवली नव्हती.

वृत्तपत्रांचे क्षेत्र निराळे असले, तरी तेथील एक प्रसंग इथे लागू पडतो. २०१७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथपुरवणीत रॉबर्ट गॉटलीब या नामवंत संपादकांनी अनेक प्रणयकादंबऱ्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातील वडीलधाऱ्या कौतुकाच्या सुरावर लेखिका आणि वाचक चांगलेच भडकले आणि त्यानंतर त्याच पुरवणीत या प्रकाराचे जाणकारांनी लिहिलेले नियमित सदर सुरू झाले. मला तो आढावा दुष्ट वाटला नाही. दुसऱ्या गावच्या जत्रेत हौसेने फिरून आलेल्या पाहुण्याचे ते लेखन होते, आणि ज्यांचे ते गाव त्यांना राग येणे साहजिक होते.

आता चित्र पालटते आहे, तेही वितरणामुळेच. स्वस्त पेपरबॅकचा बाजार आक्रसला. रीडरलिंक या अमेरिकेतील मोठ्या वितरकाने २०२५ अखेर ती पुस्तके पोहोचवणेच थांबवण्याचे जाहीर केले. नव्या प्रणयकादंबऱ्या मोठ्या आकारात, चित्रमय मुखपृष्ठांसह, पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी जागी येऊ लागल्या. दुकानदाराला त्या निवडून मागवाव्या लागतात, त्यामुळे परीक्षणांची गरजही निर्माण झाली.

प्रश्न : मराठी अनुवादासाठी मी एखादी प्रणयकादंबरी शोधत आहे. ताऱ्याची खूण असलेले परीक्षण पुरेसे मानावे का? — एक अनुवादक, पुणे

उत्तर : पुरेसे मानू नये. 'पब्लिशर्स वीकली'त तारा म्हणजे पाचपैकी गुण नव्हेत. पुस्तक विशेष लक्षणीय वाटले, एवढीच ती खूण आहे आणि ती अमेरिकी बाजार डोळ्यांपुढे ठेवून दिलेली असते. गावातील बेकरी, बर्फाळ नाताळ आणि हॉकीपटू नायक यांवर उभी असलेली कथा तेथे तारा मिळवून जाईल. मराठीत मात्र तिचे निम्मे वातावरण तळटिपांत जाईल. मालिकेतले मधले पुस्तक असेल, तर आधीच्यांचे हक्कही घ्यावे लागतील का, तेही पाहावे.

त्याच परीक्षणाच्या शेवटच्या ओळीचा मात्र आपल्याला थेट उपयोग आहे. तेथे प्रकाशनाच्या महिन्याबरोबर बहुधा लेखिकेच्या एजंटचे नाव असते. अनुवादाचे हक्क अनेकदा प्रकाशकाकडे नसून या एजंटकडे असतात, तेव्हा पहिले पत्र तेथे पाठवावे, भारतासाठी उपप्रतिनिधी कोण हे विचारावे आणि पूर्ण संहिता हाती येऊन वाचून होईपर्यंत आगाऊ रकमेविषयी काहीही कबूल करू नये.