नोकरी सोडू का? चोपड्याच्या ताईंना उत्तर

ताई, पत्र दोनदा वाचलं. यजमानांच्या बायपासला अडीच आठवडे झाले, कृषी केंद्राचं शटर बंद, तुमची शाळेतली कारकुनी महिना १६,००० ची. दीर म्हणतात, राजीनामा दे, तीन लाखांची एफडी मोडू, वर्ष निघेल. तुम्ही विचारता, देऊ का?

देऊ नका. बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड सांधायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, म्हणजे जवळ माणूस लागणारच. पण गरज तीन महिन्यांची आणि राजीनामा कायमचा. तुम्ही ५१ च्या. ५८ पर्यंत आजचाच पगार धरला तरी १३ लाख ४४ हजार होतात. शिवाय दुकान उघडेपर्यंत घरात येणारा पैसा तेवढाच.

महिनाभर बिनपगारी रजा मागा. पुढचे दोन महिने दिवसा मदतनीस ठेवा. तुम्ही लिहिलेला ९,००० चा भाव धरला तर १८,०००, रजेचे १६,०००, एकूण ३४,०००. सासूबाई म्हणतील, नवऱ्याचं करायला परका माणूस? म्हणू द्या. रात्री ते खोकले की छातीशी उशी दाबून धरायला तुम्हीच उठता. दिवसाही तेच चाललं तर घरात दुसरा पेशंट तयार होईल.

एफडी मोडलीत तर व्याजाला कात्री लागते. तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागेल तशी उचल. व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त, तेही उचलाल तेवढ्याच रकमेवर. मेडिक्लेम आहे म्हणता, मग पॉलिसी काढून बघा. डिस्चार्जनंतर ६० किंवा ९० दिवसांची औषधं-तपासण्या बहुतेक पॉलिसींत मिळतात. फक्त मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. मदतनिसाचा पगार सहसा त्यात बसत नाही. तो ओव्हरड्राफ्टमधून जाऊ द्या. आणि दुकानाचं खातं एकट्या यजमानांच्या नावावर आहे ना? ते शुद्धीवर, सहीला समर्थ आहेत तोवरच त्या खात्यावर सही करायचा अधिकार बँकेत तुमच्या नावे लिहून घ्या. हे या आठवड्यात.

रोज दहा-बारा जण बघायला येतात, प्रत्येकाला चहा, असंही लिहिलंय. त्या चहाचा हिशोब मी मांडत नाही, पण तो करणारी तुम्हीच. बिस्किटांचा पुडा घेऊन येणाऱ्या अमळनेरच्या नणंदबाईंना सांगा, पुडा राहू द्या, रविवारी दुपारी दोन तास भावाजवळ बसा. तेवढ्यात तुम्ही झोपून घ्या.