भट्टी बंद असताना डिझेल जनरेटर खोलायला काय हरकत आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अणुवीज केंद्रातली भट्टी दीड-दोन वर्षांनी इंधन बदलायला बंद ठेवतातच, मग आपत्कालीन डिझेल जनरेटरची मोठी तपासणी त्याच वेळी का उरकून घेत नाहीत? चालू भट्टीच्या शेजारी इंजिन खोलून ठेवणं धोक्याचं नाही का? तुम्ही चाकणला एका कारखान्याचे डीजी सेट सांभाळता आणि तिथलं सर्व्हिसिंग रविवारी करता, असंही लिहिलं आहे. मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्रात देखभालीच्या कामांचं वेळापत्रक लावतो, म्हणून तिथलंच सांगतो.

कारखाना रविवारी बंद असला की त्याला वीज लागत नाही, म्हणून तुमचा रविवार खरोखर मोकळा असतो. भट्टीला तसा रविवार मिळत नाही. साखळी प्रक्रिया थांबवली तरी वापरलेल्या इंधनातून उष्णता निघतच राहते. ३००० मेगावॉट उष्णता देणारी भट्टी बंद करून चोवीस तास झाले तरी साधारण १५ मेगावॉट उष्णता येत असते. ती काढून न्यायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. त्यात बंदीच्या, म्हणजे भट्टी बंद ठेवलेल्या, काळात ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला काढलेले असतात, ब्रेकर उघडून ठेवलेले असतात, स्विचयार्डात, म्हणजे बाहेरची वीज केंद्रात येते त्या आवारात, कंत्राटदारांच्या गाड्या फिरत असतात. विजेची गरज तशीच राहते, ती मिळण्याचे मार्ग मात्र कमी झालेले असतात.

हे किती महागात पडू शकतं ते २० मार्च १९९० रोजी जॉर्जिया राज्यातल्या व्होग्टल केंद्रात दिसलं. पहिलं युनिट इंधन बदलण्यासाठी बंद होतं. भट्टीतल्या पाण्याची पातळी मुख्य नळांच्या मध्यापर्यंत उतरवलेली होती, म्हणजे उष्णता सामावून घ्यायला पाणी थोडं. दोन डिझेल जनरेटरपैकी एक देखभालीसाठी बाहेर काढलेला, बाहेरची वीज आणणाऱ्या दोन राखीव ट्रान्सफॉर्मरपैकीही एक बाहेर. सकाळी इंधन-वंगणाचा एक ट्रक स्विचयार्डात मागे घेताना एका खांबाला धडकला. तो खांब उरलेल्या ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या तारेचा आधार होता. वीज गेली. उरलेलं एकमेव डिझेल इंजिन सुरू झालं आणि मिनिटभराने बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ते आपत्कालीन पद्धतीने सुरू केलं. तसं केलं की बहुतेक संरक्षक ट्रिप, म्हणजे बिघाड दिसला की इंजिन आपोआप बंद करणाऱ्या सोयी, बाजूला ठेवल्या जातात, आणि मग ते टिकलं. तोवर ३६ मिनिटं गेली होती आणि भट्टीतलं पाणी सुमारे ३२ अंशांवरून ५८ अंश सेल्सिअसवर चढलं होतं. इंजिन बंद पाडण्याचा संशय पुढे जॅकेट वॉटरचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान बघणाऱ्या छोट्या स्विचांवर आला.

या घटनेची गोष्ट सांगताना सगळे ट्रकबद्दल बोलतात. मला त्यात वेळापत्रक दिसतं. त्या सकाळी केलेलं प्रत्येक काम आपापल्या जागी नियमात बसत होतं. पाणी उतरवलेलं, जनरेटर बाहेर आणि ट्रान्सफॉर्मर बाहेर, या तीन गोष्टी एकाच दिवशी येऊ द्यायला नको होत्या.

म्हणून आता बंदीच्या काळात एखादं इंजिन खोलायचंच असेल, तर त्यासाठी जागा शोधावी लागते. सगळं इंधन भट्टीतून काढून तलावात ठेवलेलं असेल किंवा भट्टीवरचा हौद काठोकाठ भरलेला असेल, तेव्हा. आमच्याकडे बंदीच्या काळात प्रत्येक पाळीला फलकावर एक आकडा लिहिलेला असतो: आत्ता थंड करणारे पंप थांबले तर पाणी उकळायला किती वेळ लागेल. हौद भरलेला असताना तो तासांमध्ये असतो. पाणी नळांच्या मध्यावर असताना मिनिटांमध्ये येऊ शकतो. मिनिटांच्या दिवशी मी जनरेटरच्या कामाचं परमिट यादीत ठेवत नाही.

आता चालू भट्टीचं. दोन जनरेटर दोन वेगळ्या बाजूंना वीज देतात, आम्ही त्यांना ए ट्रेन आणि बी ट्रेन म्हणतो. चालू भट्टीत एक जनरेटर बाहेर काढला की परवान्यातलं घड्याळ सुरू होतं. पूर्वी बहुतेक ठिकाणी ही मुदत ७२ तास असायची. काम संपण्याआधी मुदत संपली की भट्टी बंद करायला घ्यायची. ७२ तासांत इंजिन थंड करा, खोला, क्रँकशाफ्टच्या भुजांमधलं (वेबमधलं) अंतर डायल गेजने मोजा, सिलिंडरात आतून बघायचा बोअरस्कोप घाला, सगळं बसवा आणि चाचणी घ्या, हे जमत नाही. म्हणून बऱ्याच केंद्रांनी आणखी एक वेगळा वीजस्रोत हाताशी ठेवायच्या अटीवर ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवून घेतली. त्यामुळे मोठी तपासणी चालू भट्टीत, शांत आठवड्यात करता येते. माझं स्वतःचं मत या पद्धतीच्या बाजूने आहे. चालू भट्टीत बाहेरची वीज शाबूत असते, दुसरा जनरेटर शाबूत असतो आणि गर्दी नसते.

पण १४ दिवस मिळाले म्हणून १४ दिवसांचं काम लावायचं नसतं. आम्ही निम्म्या मुदतीत बसेल एवढंच लावतो, कारण खोलल्यावर काय सापडेल ते सांगता येत नाही आणि उरलेले दिवस त्यासाठी लागतात. कामाचा आठवडा बारा आठवडे आधी ठरतो. बी जनरेटर खोलायचा असेल तर त्या आठवड्यात ए ट्रेनच्या पंपांना, बॅटऱ्यांना, ब्रेकरना कोणी हात लावायचा नाही. ए जनरेटरच्या दाराला साखळी आणि पाटी लागते. स्विचयार्डात गाडी न्यायची तर परवानगी लागते. सोमवारी सकाळी हवामानाचा अंदाज बघायचा, ग्रिडवाल्यांना फोन करायचा. एकदा सगळी तयारी झालेली, बाहेरगावचे मेकॅनिक येऊन थांबलेले, आणि वादळांची एक रांग आमच्या दिशेने सरकत होती. काम चार दिवस पुढे ढकललं. हॉटेलांचा खर्च वाया गेला, वरच्या साहेबांचा फोन आला. तरी आजही मी तेच करीन.

तुम्ही दर आठवड्याला सेट मारून बघता असं लिहिलंय, त्यावरून एक सांगतो. अणुवीज क्षेत्रातही एके काळी जास्त चाचण्या म्हणजे जास्त भरवसा असं धरलं जायचं. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी नियमानुसार शेवटच्या १०० चाचण्यांत फार तर एक अपयश असेल तर ३१ दिवसांनी चाचणी, दोन असतील तर १४ दिवसांनी, तीन असतील तर ७ आणि चार किंवा जास्त असतील तर दर ३ दिवसांनी! तीही बहुधा गार इंजिन एकदम सुरू करून, दहा सेकंदांत पूर्ण वेगावर नेऊन. तेल सगळीकडे पोचायच्या आत बेअरिंगांवर भार यायचा. आधीच दुखणाऱ्या इंजिनाला सगळ्यात जास्त पळवलं जायचं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने पत्रक काढून हे गार इंजिन एकदम सुरू करणं कमी करायला सांगितलं. आता महिन्याच्या चाचणीत तेल आधी फिरवून घेतात, इंजिन हळूहळू वेगावर आणतात, भारही टप्प्याटप्प्याने चढवतात आणि किमान तासभर जवळजवळ पूर्ण भारावर चालवतात. दहा सेकंदांची परीक्षा सहा महिन्यांतून एकदा. तुमचे सेट आठवड्याला रिकामेच चालत असतील तर तेही बंद करा. भाराशिवाय चालवलं की न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते.

आणि इंजिनाइतकीच नजर इंजिनाबाहेरही हवी. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि डिझेल जनरेटरचीही वीज मिळेनाशी झाली. तिथलं पहिलं युनिट सुमारे १७ तास विजेविना होतं. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवून तिथल्या लोकांनी भट्टी सांभाळली. म्हणून माझ्या यादीत केबल, ब्रेकर, डे टँकच्या (इंजिनाजवळच्या डिझेलच्या छोट्या टाकीच्या) तळाचं पाणी काढणं आणि डिझेलचा नमुना तपासणं हे सगळं इंजिनाच्या शेजारीच असतं.

शेवटी एक प्रसंग. महिन्याच्या चाचणीआधी इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, उघडतात आणि इंजिन सावकाश दोन फेरे फिरवतात. कॉकमधून नुसती हवा फुसफुसली पाहिजे. मी एकदा बी जनरेटरपाशी उभा होतो. सातव्या कॉकमधून हवेबरोबर चमचाभर पाणी उडालं, मेकॅनिकच्या हातमोज्यावर. जॅकेटमधलं पाणी सिलिंडरात झिरपत होतं. तसंच सुरू केलं असतं तर पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकला असता. मेकॅनिकने कॉक बंद केला नाही, फक्त हात वर केला. नियमाप्रमाणे २४ तासांत दुसऱ्या जनरेटरमध्ये हाच दोष नाही हे दाखवायचं होतं. मी वर जाऊन त्या आठवड्यात ए ट्रेनवर लावलेली सगळी कामं काढून टाकली, आणि खाली आलो तोवर ए जनरेटरच्या दाराला साखळी लागलेली होती.